निळ्या पेन्सिलीची यादी

मागच्या महिन्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. नागपूरच्या मधल्या वस्तीतला आमचा जो जुना मतदारसंघ, त्याच्या निवडणुकांचा इतिहास ती लिहून राहिली आहे म्हणे. हातात चांगला हातभर तक्ता. कोण उभा होता, कोण आला, कोण पडला, किती मतं, किती बाद, सगळं रकान्यांत बसवलेलं. चहा पिता पिता मला म्हणते, "आजी, तुम्ही तर त्याच पेठेतल्या. ह्यात काही राहिलं असेल तर सांगा ना." मी चष्मा पुसून तो तक्ता वरून खालपर्यंत वाचला आणि माझं डोकंच भणाणलं. राहिलं का म्हणे! अगं बाई, माझी आई राहिली ना. तुझ्या एकाही रकान्यात ती नाही, बाद मतांतसुद्धा नाही. माझा आवाज चढलेला पाहून पोरगी घाबरली बिचारी. तिचा काय दोष? राग आला की मला सरळ सांगता येत नाही, जीभ अडखळते. म्हणून आता सावकाश लिहून काढते आहे.

आमचं घर विणकरांच्या गल्लीत होतं. घर कसलं, दोन खोल्या आणि पुढची ओसरी. पहिल्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा मागावर बसायचे. दिवस उजाडला की गल्लीभर खटक-खट, खटक-खट सुरू. त्या आवाजात आम्ही जेवलो, भांडलो, पाढे पाठ केले. आई मागच्या दाराशी रहाट घेऊन सुताच्या कांड्या भरत बसायची. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला सुतानं चर पडलेला होता, त्यात हळद गेली की महिना महिना पिवळी रेघ राहायची. गल्लीत ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, पसरून त्याला खळ लावायचे, त्या खळीचा आंबूस वास आमच्या कपड्यांना, केसांना, पुस्तकांना. जेवायला ज्वारीची भाकर आणि चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, रविवारी कधी मटणाचा लाल रस्सा, तो असा जहाल की खाताना बाबांच्या टकलावर घाम डवरायचा. गरीब होतो, पण रडके नव्हतो.

बाबांचं नाव नत्थू केशव पौनीकर. हे नाव मी मुद्दाम पुरं लिहिते आहे, का ते पुढे कळेल. पेठेत त्यांना मान होता तो विणकामासाठी नव्हे, यादीसाठी. आमच्या भागाची अख्खी मतदार यादी त्यांना तोंडपाठ होती. कोण कुठल्या घरात, कोणाची सून माहेरी गेली, कोण कामठीच्या मागावर राहायला गेला, कोण मेला तरी यादीत जिवंत आहे, सगळं. निवडणूक लागली की आमच्या ओसरीवर सतरंजी पडायची आणि बाबा तांबडी-निळी पेन्सिल घेऊन बसायचे. एकाच पेन्सिलीला दोन तोंडं. आपला माणूस असला की नावापुढे तांबडी खूण, समोरच्याचा असला की निळी. बाबा ज्या पक्षाचं काम करायचे त्याचे पेठेतले अध्यक्ष रोज संध्याकाळी यायचे, बाबांच्या खांद्यावर हात ठेवायचे, "नत्थूजी, तुम्ही हाये तं आम्हाले काय चिंता गा!" म्हणायचे, आणि बाबा फुगायचे. त्याच अध्यक्षांच्या सोसायटीतून बाबांना सूत मिळायचं. सूत बंद तर माग बंद, माग बंद तर चूल. हे मला ठाऊक आहे. कोणी मला समजावायला येऊ नये. हे सगळं ठाऊक असूनही माझा राग जात नाही.

आता दारांचं सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला बायकांसाठी सात संडास बांधले होते. भिंती होत्या, वर पत्रा होता, दारं नव्हती. "दारं मंजूर झाली, येऊन राहिली," हे मी परकर नेसायच्या वयात पहिल्यांदा ऐकलं आणि साडी नेसायच्या वयातही तेच ऐकत होते. प्रत्येक निवडणुकीत पक्षाचा उमेदवार ओसरीवर येऊन आईच्या हातचा चहा पिऊन "वहिनी, या वेळेस दारं पक्की" असं सांगून जायचा. निवडून आला की तो दिसायचा तो थेट पुढच्या निवडणुकीला. दारं लावणं हे आमदाराचं काम नव्हे, हे मला फार पुढे कळलं. पण मत मागायला दुसरं कोण येत होतं आमच्याकडे? आम्ही बायका जोडीनं जायचो. एक आत बसायची, दुसरी बाहेर जुनी चादर दोन्ही हातांनी ताणून उभी. मी मोठी झाले तशी आई माझ्यासाठी चादर धरायला लागली. एकदा पलीकडच्या पानठेल्यावरच्या टोळक्यातल्या कोणीतरी चादरीवर खडा मारला आणि ते सगळे फिदीफिदी हसले. आई चादर सोडू शकत नव्हती. ती तिथूनच त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली, पण हात काही तिनं खाली घेतले नाहीत. माझं होऊन मी बाहेर आल्यावरच तिनं चादर घडी केली.

त्या निवडणुकीला मालूताई नर्सबाई अपक्ष उभ्या राहिल्या. अर्ध्या पेठेची बाळंतपणं त्यांनी केलेली. मी आणि माझे दोन्ही भाऊ त्यांच्याच हातचे. चिन्ह मिळालं शिडी. सभा म्हणजे काय, चौकात स्टुलावर उभ्या राहायच्या आणि पांढरा पदर खोचून एवढंच बोलायच्या, "मी कोनाले काई देत नाई. मले संडासाले दारं पायजेत, बस. बाकीचं तुमचं तुम्ही पाहा." पुरुष हसायचे. बायका हसत नव्हत्या. आई त्या सभेहून घरी आली आणि रहाटाशी बसली. मग मला हळूच म्हणाली, "शांते, म्या आजवर ह्याइच्या सांगण्यावर शिक्का मारला. या टाइमाले शिडीवर मारतो. कोनाले सांगू नको बरं."

आणि मी सांगितलं. हो, मीच. मतदारांना वाटायच्या नाव-नंबराच्या चिठ्ठ्या लिहायला माझं अक्षर चांगलं म्हणून मतदानाच्या आधी दोन दिवस बाबांनी मला ओसरीवर बसवलं होतं. यादी उलटता उलटता त्यांनी सहज विचारलं, "तुही माय कोनाले देते वं? आपल्यालेच ना?" मला काय दुर्बुद्धी सुचली! आईचं स्वतःचं काहीतरी मत आहे याचा मला इतका अभिमान वाटला होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "नाई. शिडीले." बाबा हसले. पेन्सिल उलटी केली आणि 'गिरजा नत्थू पौनीकर' या नावापुढे निळी खूण केली. मग म्हणाले, निळ्या नावांची एक वेगळी यादी करून दे, अध्यक्षांना पाहिजे. मला वाटलं, ह्या लोकांची समजूत काढायला जायचं असेल. माझ्या सुंदर अक्षरात, ओळ न चुकवता, मी ती यादी लिहिली. आईचं नावही लिहिलं. आज पन्नासाहून जास्त वर्षं झाली, त्या यादीतलं माझं अक्षर मला अजून दिसतं आणि हात तोडावासा वाटतो.

मतदानाच्या दिवशी गल्लीतले माग बंद. इतकी शांतता की कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. बाबा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून भल्या सकाळी केंद्रावर गेले. ते पक्षाचे पोलिंग एजंट. म्हणजे केंद्राच्या आत उमेदवाराच्या वतीनं बसायचं, अधिकारी मोठ्यानं नाव वाचेल तेव्हा समोरचा माणूस तोच आहे ना ते बघायचं, आणि दुसराच कोणी असेल तर हरकत घ्यायची. यादी पाठ असलेल्या माणसाला ह्याहून योग्य काम कुठलं? इकडे आमच्या घरी पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी पोहे. नुसते नव्हे, वरून चण्याची झणझणीत तर्री. ते चाळीसेक जण जथ्याजथ्यानं येत होते, खात होते, "काकू, अजून तर्री!" म्हणून ओरडत होते. आई पहाटेपासून चुलीपुढे. दुपारी एकदाची कढई रिकामी झाली तेव्हा तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, कुंकू नीट लावलं आणि मला म्हणाली, "चाल." ज्यांना खाऊ घालण्यात तिची सकाळ गेली, तेच तिची सकाळ साधून गेले होते. पण ते आम्हाला अजून कुठे माहीत?

केंद्र माझ्याच जुन्या शाळेत होतं, तिसरीच्या वर्गात. मला मताचं वय नव्हतं, आत सोडेनात. पण त्या वर्गाची व्हरांड्याकडची खिडकी मला चांगली माहीत होती. एक गज तुटलेला, तिथं तोंड लावलं की आतलं सगळं दिसायचं, ऐकू यायचं. आई रांगेतून आत गेली. बाकावर दोन एजंट. एक बाबा आणि दुसरे नर्सबाईंचे, गुलाबराव म्हणून म्हातारे कंपाउंडर. अधिकाऱ्यानं चिठ्ठी पाहून वाचलं, "गिरजा नत्थू पौनीकर." मग यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं मतदान झालंय."

"कधी?" आई म्हणाली. "मी तं आत्ताच येऊन राहिली."

"सकाळीच झालंय. खूण आहे इथं."

आईनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. कांद्यानं, तिखटानं लालसर झालेलं बोट. शाईचा ठिपका नाही. अधिकारी जरा गडबडला. "ठीक आहे, नवऱ्याचं नाव सांगा."

आमच्या पेठेत बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती. 'हे', 'शांताचे बाबा', फार तर 'मालक'. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणापासून कानांवर. मतदानाला चिठ्ठी पुढे करायची, अधिकारी वाचेल तेव्हा मान हलवायची, अशीच रीत. आईनं बाबांकडे पाहिलं. हाताच्या अंतरावर तर बसले होते. ते यादीत डोकं घालून बसले.

"बोला ना बाई, रांग खोळंबली आहे. नाव सांगितल्याशिवाय मी कसं मानू?" तो साहेब वाईट नव्हता, घाईत होता. मग त्यानं बाकाकडे वळून विचारलं, "ह्यांना कोणी ओळखतं का?"

गुलाबराव उठून उभे राहिले. "मी ओळखतो. हेच गिरजाबाई होय. साहेब, सकाळी जी आली होती ना, तिनं नवऱ्याचं नाव फाडफाड सांगितलं. तेव्हाच माह्या मनात चर्र झालं, आपल्या पेठेतली बाई असं नाव घेते? पन या नत्थूजीनं मान हालवली, म्हने बरोबर हाये. आता नवराच हौ म्हनते तं मी कोन बोलनारा गा?"

मी खिडकीचा गज धरून उभी, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती निळी यादी ओळ ओळ उलगडत गेली. सकाळी चौकात ट्रकमधून उतरलेल्या अनोळखी बाया, त्यांच्या हातात मी लिहिलेली नावं, त्या नावांवर मत टाकून जायला. आईला यादी-बिदी काही माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की कोणीतरी परकी बाई गिरजा म्हणून उभी राहिली आणि तिच्या नवऱ्यानं त्या परकीकडे पाहून मान हलवली.

तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला. "नत्थू," ती म्हणाली. मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "नत्थू केशव पौनीकर. तो पाहा, टोपी घालून बसला हाये. त्याले इचारा, मी कोन होय तं."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. "काय हो? तुमच्या पत्नी आहेत का ह्या?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. बाबांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "सकाळी लय गर्दी होती साहेब."

एवढंच. वीस वर्षांचा संसार, आणि गर्दी होती! मी खिडकीतून ओरडले, काय ओरडले आठवत नाही. शिपायानं मला दंडाला धरून व्हरांड्याबाहेर नेलं. मागून आईनं सांगितलं ते एवढं की साहेबांनी तिला वेगळी मतपत्रिका दिली. तिनं आडोशाला जाऊन शिडीवर शिक्का मारला, घडी करून आणली, तर साहेबांनी ती पेटीत न टाकता पाकिटात घातली. "हे पेटीत काहून नाई टाकत?" तिनं विचारलं. "हे वेगळं ठेवतात, बाई," ते म्हणाले. आईला वाटलं, आपल्या मताचा मान ठेवला.

संध्याकाळी बाबा घरी आले. आईनं रोजच्यासारखं ताट वाढलं आणि दारात उभं राहून हाक दिली, "नत्थू, जेवाले ये." शेजारच्या चारही घरांत ऐकू गेलं. बाया धावत आल्या, तोंडावर हात ठेवून. "अवं गिरजे, काय करून राहिली तू? नवऱ्याचं आयुष्य कमी होते वं!"

"अन् त्यानं माहं मत खाल्लं, त्याचं काय?" आई म्हणाली. "त्याचं आयुष्य लय मोठं हाये, होऊ द्या थोडं कमी."

बाबा उठून बाहेर गेले. ताट तसंच राहिलं. मी आईच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं, पेन्सिल, यादी, माझं अक्षर. मला वाटलं मारेल. तिनं मारलं नाही. "तुले मालूम नव्हतं, त्याले होतं," म्हणाली आणि भांडी घासायला बसली. बाबांचं नाव मात्र तिनं सोडलं नाही. त्या दिवसापासून घरात, गल्लीत, चारचौघांत, नत्थू म्हणजे नत्थू.

निकाल लागला. पक्षाचा उमेदवार इतक्या मतांनी आला की निळ्या यादीतली सगळी नावं शिडीला मिळाली असती तरी त्याचं काही बिघडलं नसतं. माझा राग इथे अगदी टोकाला जातो. चोरी केली ती केली, पण गरज नसताना केली! चोराला निदान भूक तरी असावी.

पुढे मी शिक्षिका झाले, निवडणुकीच्या कामाला लागले, तेव्हा प्रशिक्षणात त्या पाकिटाबद्दल कळलं. ती मतं मोजत नाहीत. कोर्टानं मागितल्याशिवाय पाकीट उघडत नाहीत, आणि आईसाठी कोर्टात कोण जाणार होतं? मी तिथे बाकावर बसून ओठ चावत राहिले, शेजारच्या बाईंना वाटलं माझं पोट दुखतंय. आईला हे मी कधी सांगितलं नाही. ती मरेपर्यंत अभिमानानं सांगायची, माहं मत साहेबांनी पाकिटात ठेवलं होतं.

पण त्याच्या आधीची गोष्ट राहिली. नर्सबाई पुढच्या निवडणुकीला परत उभ्या राहिल्या. मधल्या काळात आई माझ्याकडून अक्षरं शिकली होती. पुस्तकावर नव्हे, जुन्या मतदार यादीवर. पहिलं तिला वाचता आलं ते स्वतःचं नाव, दुसरं बाबांचं. गुलाबराव थकले होते, तर नर्सबाईंनी एजंट म्हणून आईला बसवलं. त्याच शाळेत, तिसरीच्या त्याच वर्गात, त्याच बाकावर. पेठेतले पुरुष दारातून डोकावून पाहून जात होते. पक्षानं बाबांना एजंट करणं बंद केलं होतं. ज्या माणसाला स्वतःची बायको ओळखता आली नाही त्याला ठेवून काय करणार, असं अध्यक्षच हसत हसत बोलले होते म्हणे. ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच! बाबा त्या दिवशी दुपारी एकटे मत द्यायला आले. मी त्या वर्षी पहिल्यांदा मतदार झाले होते आणि बायकांच्या रांगेत दारापाशी उभी होते, त्यामुळे जे झालं ते डोळ्यांनी पाहिलं.

साहेबांनी वाचलं, "नत्थू केशव पौनीकर. कोणाची हरकत?"

हरकत घ्यायची तर तिथल्या तिथे दोन रुपये भरावे लागत. आईच्या पदराच्या गाठीत ते होते, सकाळी मीच बांधून दिले होते. तिचा हात गाठीवर गेला. बाबा तिच्या पुढ्यात उभे, टोपी हातात, नजर जमिनीवर. मी मनात म्हणत होते, घे, आई, घे हरकत. म्हण, मी नाही ओळखत ह्या माणसाला. म्हण, गर्दी आहे. एकदा त्याला कळू दे. सगळ्या पेठेला कळू दे.

आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, नव्या माणसाला पाहावं तसं. मग म्हणाली, "हरकत नाई, साहेब. हा माहा नवरा होय. मी ओळखतो याले."

बाबांनी बोट पुढे केलं. मग मतपत्रिका घेऊन, तिच्याकडे न पाहता, आडोशाला गेले.

मी मत दिलं, शिडीलाच दिलं, आणि बाहेर येऊन मतदान संपायची वाट पाहत पायरीवर बसले, धुमसत. नर्सबाई त्याही वेळी पडल्या, दारं आली ती माझं लग्न होऊन मी पेठ सोडल्यावर. त्या संध्याकाळी आई यादी काखेत धरून बाहेर आली तेव्हा मी तिच्या अंगावरच गेले. "काहून ओळखलं तू त्याइले? काहून? सगळी पेठ पाहून राहिली होती! त्याइनं तुले ओळखलं होतं का?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच घाण बोलले.

"त्याचं मत त्याचं होय," ती म्हणाली. "मी काय नत्थू हावो?"